तळघरातलं मशीन काढू नका

रेवा आणि अर्णव,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, पण यात मी बोलणार आहे तुमच्या आजोबांशी. त्यांना जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. मी वर्षश्राद्धापर्यंत थांबून, आधी कच्चं लिहून, मग पक्कं करून पाठवणार होते. माझी तशी पद्धत आहे. तुमच्या वाढदिवसाची पत्रंसुद्धा मी आधी कच्ची लिहिते. पण पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या बाबाचा फोन आला. म्हणाला, "आई, तळघरातला तो हीट पंप काढून टाकतोय. ऑक्टोबरमध्ये माणसं येतील. बॅक टू गॅस. खलास." म्हणून आता थांबता येत नाही.

आणि हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हांला मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. बाबाला येतं, कारण दुबईच्या शाळेत त्याला हिंदी होती. तेव्हा त्यालाच जेवणाच्या टेबलाशी बसवून मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. सगळं. मी पानांवर आकडे घातले आहेत. मधलं एखादं पान त्याने उलटलं, तर मला फोन करा.

अरविंद,

लोकांसमोर मी तुला 'अहो' म्हणत आले आणि घरात 'अरे'. आज मुलांसमोर पहिल्यांदाच 'अरे' म्हणते आहे. मला रागवायचं आहे, आणि 'अहो' म्हणून मला धड रागवता येत नाही.

गुरुवारी सकाळी मी तुला म्हटलं होतं, आज जाऊ नकोस. सत्तेचाळीस डिग्री सांगितलंय. तू बुटाची नाडी बांधत म्हणालास, "साडेबाराला वर जातो, एकला खाली. त्या वेळी गच्चीवर कोणी नसतं. कामात कोणी मध्ये येत नाही."

कोणी का नसतं, अरविंद? उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर कामाला बंदी असते म्हणून नसतं. इथल्या प्रत्येक मजुराला हे माहीत आहे. उम्म अल कुवैनच्या मजूर-क्वार्टर्समधली ती सोळा माणसं त्या वेळी खाली सावलीत पंख्याखाली आडवी पडलेली होती आणि तू, एकाहत्तर वर्षांचा निवृत्त इंजिनिअर, चाळीस वर्षं दुसऱ्यांना सेफ्टीचे धडे देणारा, लोखंडी जिना चढून, टाकीला लावलेलं तुझं मशीन तपासायला वर गेलास. थर्मामीटर आणि पेन्सिल घेऊन. टोपी गाडीत राहिली.

एकला नाही, पावणेदोनला उतरलास. तुझ्या जुन्या फोरमनने, दळवींनी, दिलेलं ताक प्यायलास आणि तासाभराची गाडी स्वतः चालवत घरी आलास. म्हणालास, "डोकं जड झालंय, जरा पडतो." मी ओला टॉवेल आणून दिला आणि बडबड करत स्वयंपाकघरात गेले. पाच वाजता चहा घेऊन आले तेव्हा तू उठला नाहीस. तुला ऐकू गेलेलं माझं शेवटचं वाक्य होतं, "हौस फिटली का आता?" हे वाक्य आता मी कुठे ठेवू, ते सांग.

मुलांना हे मशीन कसलं ते सांगते. तू रेवाला ते सांगितलं होतंस, ती पाच वर्षांची असताना. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सच्या आपल्या स्वयंपाकघरात तिला उचलून तिचा हात फ्रिजच्या मागे धरलास.

"कसं लागतं?"

"वॉर्म."

"आणि आत?"

"कोल्ड!"

"मग आतली गरमी गेली कुठे? मागे आणून ठेवली. गरमी तयार करायची नसते बाळा, हलवायची असते. हे घराला लावलं की एसी. उलटं लावलं की हीट पंप."

रेवा, तुझा तो चेहरा मला आठवतो. तू घरातल्या सगळ्यांचे हात फ्रिजच्या मागे नेऊन लावलेस. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण एवढ्या थोडक्यात मला कधी काही शिकवता आलं नाही. याचंही कौतुक मी तुझ्यापाशी केलं नाही, अरविंद. "फ्रिज भिंतीला नीट लाव परत," एवढंच म्हटलं असणार.

लग्न होऊन मी इथे आले त्या पहिल्या जुलैत निळ्या नळाचं पाणी हातावर घेतलं आणि किंचाळले. तू हसत म्हणालास, "उन्हाळ्यात थंड पाणी लाल नळाला येतं." गच्चीवरची टाकी उन्हात उकळते. गीझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात. तो बंद ठेवला की त्यातलं पाणी निवतं. म्हणून मेपासून गीझर बंद आणि लाल नळ चालू. या देशात संसार करायचा तर उलटं वागायला शिक, असं तू म्हणायचास. तुझा दुसरा नियम होता: रिकाम्या खोलीत मशीन चालू ठेवायचं नाही. खोलीतून बाहेर पडताना तुझा हात आपोआप स्विचवर जायचा. हॉटेलातसुद्धा. एकदा दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, तिथे मंडळी गॅलरीत उभी असताना तू त्यांच्या हॉलचा एसी बंद करून आलास.

तीच सवय घेऊन तू गेल्या जानेवारीत श्टुटगार्टला गेलास.

आपल्या मुलाच्या, मंदारच्या घरी बागेत ते पांढरं खोकं होतं आणि तळघरात टाकी. तू पहिल्या दिवशी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्यास, लग्नाच्या मुलीला बघावं तशा. पंख्यावर बर्फ धरलेला, मधूनच वाफ निघायची. आयुष्यभर गरमी बाहेर फेकणारी यंत्रं बघितलेला तू. त्या थंडीतून गरमी आत ओढणारं यंत्र बघून तुझे डोळे चमकले होते. आणि तिसऱ्या दिवशी, मंदार आणि सून मनाली ऑफिसला, मुलं शाळेत, आपण दोघं फिरायला निघालो, तेव्हा तू तळघरात उतरलास आणि मेन स्विच बंद करून आलास. घर रिकामं म्हणून. परत आल्यावर चालू केलास. असं तू तीन दिवस केलंस.

संध्याकाळी घर तापायला तयार नाही. मशीन थकून जायचं, मग आतली विजेची कॉइल पेटायची, मीटर धावायचं. अर्णव अंगावर रजई घेऊन जेवायला बसला. रेवा म्हणाली, "आजोबा, आय कान्ट फील माय फीट." असं तीनदा झाल्यावर मंदार तळघरातून वर आला तो लाल होऊन.

"हे कोणी बंद केलं होतं?"

"मी," तू म्हणालास. "घरात कोणी नव्हतं."

"बाबा, धिस इज नॉट ॲन एसी!"

"एसीच आहे. उलटा लावलाय एवढंच."

"हे बंद करायचं नसतं! हळूहळू चालू ठेवायचं असतं, दिवसभर. प्लीज, या घरात कशाला हात लावू नका."

तू मग म्हणालास, "बरं. पण तुझ्या त्या माणसाने पाणी फार गरम ठेवलंय. पाइपला हात लावून बघ. रेडिएटरला एवढं लागत नाही. म्हणून बिल येतं."

"ही इज सर्टिफाइड, बाबा."

"असेल की सर्टिफाइड. हात लावला का त्याने पाइपला?"

अर्णव हसला. मंदार आणखी लाल झाला. आणि मग मी बोलले. मुलांनाही समजावं म्हणून इंग्रजीत बोलले. "अरविंद, इनफ. धिस इज नॉट रास अल खोर."

रास अल खोर. जिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये तू पंचवीस वर्षं कॉम्प्रेसर उघडलेस आणि जोडलेस. जिथल्या तेलाच्या वासाच्या शर्टावर हे घर चाललं, मंदारची फी गेली, तो जर्मनीला गेला. त्या जागेचं नाव मी तुझ्या नातवंडांसमोर शिवीसारखं वापरलं.

तू नॅपकिनची घडी घातलीस. त्यानंतरचे पाच दिवस तू त्या घरात एकाही वस्तूला हात लावला नाहीस. दिवा लावायचा झाला तरी हाक मारायचास, "रेवा, बाळा, जरा स्विच दाब, मला परवानगी नाही." मुलांना तो खेळ वाटला. मला तेव्हा तुझा असा संताप आला होता! आजही येतो. इतका हट्ट? एक शब्द टाकला असतास तर मिटलं असतं. मंदारने टाकला असता तरी मिटलं असतं. पण दोघांचं नाक एकाच साच्यातलं. त्यानंतर सहा महिने दर रविवारी फोनवर तू विचारायचास, "बरं आहे ना सगळं?" तो म्हणायचा, "येस बाबा, ऑल गुड." आणि तू फोन माझ्या हातात द्यायचास.

मी तरी काय केलं? फोन घेतला आणि मुलांना गाणं म्हणायला सांगितलं.

मार्चमध्ये तू कुठूनसा जुना कॉम्प्रेसर मिळवलास. तुझ्या जुन्या फोरमनकडे, दळवींकडे, उम्म अल कुवैनला जायला लागलास. दळवी संगमेश्वरचे, सोळा माणसांच्या क्वार्टर्सचे प्रमुख. ते तुला म्हणाले होते, "काका, आमच्या टाकीच्या पाण्यात चहा होतो, अंघोळ होत नाही." दिवसभर उन्हात सळ्या वाकवून आलेल्या माणसाला अंगावर घ्यायला पोळणारं पाणी. तू गच्चीवरच्या दोन टाक्यांपैकी एकीला मशीन लावलंस. उन्हाळ्यात पाणी निववायचं, आणि जानेवारीत एक झडप फिरवली की तेच पाणी तापवायचं. एकच मशीन, दोन्हीकडून. मी म्हटलं, म्हाताऱ्याला नवीन खेळणं मिळालं. तू दर गुरुवारी थर्मामीटर घेऊन निघायचास.

मला वाटलं तू त्या माणसांसाठी जातोस. जातच होतास. पण तेवढ्यासाठी नाही, हे मला तू गेल्यावर कळलं.

जेबेल अलीच्या स्मशानात तुला पोचवायला ती सोळाही माणसं कंपनीची बस मागून आली होती. धुतलेले शर्ट घालून. एक जण मला म्हणाला, "काकू, ह्या वर्षी पहिल्यांदा ड्युटीवरून येऊन गार पाण्याने अंघोळ केली." मी मान हलवली. मंदार बाजूला उभा होता. त्याने ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्याला शनिवारी परतायचं होतं. निघताना दळवींनी माझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली निळी वही दिली. "मशीनच्या कव्हरच्या आत ठेवायचे काका. त्या दिवशी पण तिथेच ठेवून उतरले."

ती मी महिनाभर उघडली नाही. रागाने उघडली नाही. त्या वहीसाठी तू गेलास असं मला वाटत होतं. पंधरा दिवसांपूर्वी मंदारचा फोन ठेवला आणि उघडली.

आकडेच आकडे. पण मी शाळेत वेळापत्रकं केलेली बाई आहे, मला रकाने वाचता येतात. एक आठवडा तू मशीन माणसं कामावर गेली की बंद करवलंस आणि ती यायच्या आधी दुपारी चालू. पुढचा आठवडा चोवीस तास, मंद. पुन्हा बंद-चालू. पुन्हा मंद. प्रत्येक आठवड्याखाली मीटरचं रीडिंग. दळवींना विचारलं तर म्हणाले, "आम्ही म्हणायचो, काका, कशाला डोकं पिकवता, पाणी तर गार आहे. काका म्हणायचे, एका माणसाला उत्तर द्यायचंय."

आणि शेवटचं लिहिलेलं पान, त्या गुरुवारचं. पेन्सिलने, घामाचे डाग पडलेलं. ते मी जसंच्या तसं उतरवते. अरविंद, हे तुझ्या मुलाला आता मोठ्याने वाचावं लागणार आहे. मी तशी व्यवस्था केली आहे.

"रविवारी मंदारशी बोलायचं. १. मशीन बंद करणं ही माझी चूक. करून पाहिलं. बंद-चालू केलं की जास्त खातं, दुपारच्या उन्हात घाई करावी लागते. मशीनला विश्रांती नको असते, घाई नको असते. मंदार बरोबर. २. पण त्याच्याकडे पाणी फार गरम ठेवलंय हे नक्की. थोडं थोडं खाली आणायचं, सगळ्या खोल्यांतल्या रेडिएटरचे नॉब पूर्ण उघडे. एक हिवाळा बघायचं. ३. हिला आधी सांगू नये. हसेल."

हसले असते. नक्की हसले असते. आणि जन्मभर ऐकवलं असतं.

तुला रविवार मिळाला नाही. आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग आहे. तुला सोमवारी फोन करता आला असता. जूनमध्ये करता आला असता, तेव्हाच वहीत चार आठवडे भरले होते. पण तुला पुरावा पूर्ण हवा होता. "चुकलो" हा एक शब्द म्हणायला तुला सात आठवड्यांची रीडिंग लागली, आणि सातव्या आठवड्याने तुला नेलं. असा कसा रे माणूस तू?

आणि ज्या सरकारांच्या धोरणापायी हा पंप त्या घरात आला, त्यांच्यावरही मी चिडले आहे. तू रोज सकाळी चहाबरोबर टॅबवर त्यांच्या बातम्या वाचायचास. गॅस महागला तेव्हा म्हणाले, घरोघर हीट पंप लावा, आम्ही मदत देतो. लोकांनी लावले. मग ओरड झाली, तर म्हणाले, घाई नाही. मग नियम सैल, मग मदतीचे फॉर्म वेगळे, मग पुन्हा गॅसही चालेल. "ब्रुसेल्सला ठरतं, बर्लिनला वाकतं, आणि मंदारच्या तळघरात पोचेपर्यंत तिसरंच होतं," असं तू म्हणायचास. "मशीनला बंद-चालू केलेलं सोसत नाही, मग देशाला कसं सोसेल?" हे तू जूनच्या शेवटी म्हणाला होतास. मला तेव्हा कळलं नाही, की तू चूक कबूल करून बसला होतास. मी फक्त बशी उचलली.

इथेही काही कमी नाही. हवामानाच्या परिषदेला जगभरातून लोक आले तेव्हा तू मला टीव्हीवर दाखवलंस: बायका शाली पांघरून बसल्या होत्या, इतका हॉल गार. "ती गरमी कुठे गेली?" तू विचारलंस. "हॉलच्या मागच्या बाजूला. तिथे कोण उभं असतं, ते कॅमेऱ्यात नाही." तू कधी आवाज चढवला नाहीस, म्हणून तुला राग येत नाही असं लोकांना वाटायचं. तुझा राग पाइपला हात लावून बघण्यात जायचा. माझा असा कागदावर उतरतो.

मंदार, तू वाचतोच आहेस, तर हे तुला. गॅस परत घ्यायचा की नाही, हे तुझं घर आहे, तू ठरव. इन्स्टॉलर सर्टिफाइड आहे, मी नाही. पण तू हा पंप बिलासाठी काढतो आहेस की त्या संध्याकाळसाठी, हे स्वतःला एकदा विचार. तळघरात जा. पाइपला हात लाव. बाबा दुसऱ्या मुद्द्यात चुकला असेल तर मी मान्य करेन. पहिल्या मुद्द्यात तो चुकला होता, हे त्याने मान्य केलेलं तू आत्ताच तुझ्या मुलांना वाचून दाखवलंस. त्या टेबलाशी मी त्याची बाजू घेतली नाही. ते माझं चुकलं. हेही वाच. सोडू नकोस.

अरविंद, आता तुला शेवटचं, मग मुलांना जेवू दे.

वही मी बंद केलेली नाही. दर गुरुवारी मी पहाटे गाडी काढते. सात वाजता जिना चढते, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन. सव्वासातला खाली असते. शहाणी माणसं गच्चीवर अशी जातात. दळवी जिन्याखाली उभे राहून ओरडतात, "काकू, कठडा धरून, कठडा धरून!" खाली आले की ते चहा देतात, आणि एक जण दर वेळी विचारतो, "मशीन ठीक आहे ना?" जणू घरातलं कोणी आजारी आहे. जानेवारीत झडप फिरवायची आहे. कशी, ते तू कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलं आहेस. अक्षर वाईट आहे, पण लागतं.

तुझं मशीन चालू आहे. आज सकाळी सात वाजता त्याच्या टाकीतलं पाणी अठ्ठावीस होतं, शेजारच्या टाकीतलं एकोणचाळीस. दोन्ही आकडे वहीत लिहिले आहेत.